बेअरिंग भिंत एकट्या मालकाची नसते

फ्लॅटचं रिनोव्हेशन काढलं की सोसायटी एक फॉर्म हातात देते. ठोकाठोकीची वेळ काय, डेब्रिज कुठे टाकायचं, गोण्या लिफ्टने न्यायच्या की जिन्याने, कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती, डिपॉझिटचा चेक. असे बरेच फॉर्म माझ्या पाहण्यात आले आहेत. कोणती भिंत पाडणार, तिच्यावर काय टेकलं आहे आणि ते कोणत्या इंजिनीअरने तपासलं, हे विचारणारे त्यात विरळाच. खरं तर पहिली ओळ तीच हवी. लिफ्टला ओरखडा पडला तर डिपॉझिटमधून खर्च कापता येतो. भार पेलणारी भिंत चुकून गेली, तर नुकसान भरून द्यायला आणि घ्यायला कुणी उरेलच असं नाही.

माझं म्हणणं असं आहे: इमारतीचा भार पेलणारी, म्हणजे बेअरिंग भिंत ज्याच्या घरात आहे त्याची नसते, इमारतीची असते. तो तिला रंग देईल, तिच्यावर टीव्ही टांगेल. पण ती काढायची की नाही हे त्याने, त्याच्या इंटिरियरवाल्याने आणि मिस्त्रीने तिघांत ठरवणं बंद झालं पाहिजे. आणि काढायची गरज खरी असेल, तर ती नीट काढण्याचा रस्ता आजच्यापेक्षा सोपा आणि उघडा झाला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकत्र बोलल्या जात नाहीत. एक बाजू म्हणते माझं घर, मी काहीही करीन; दुसरी म्हणते कशालाच हात लावू नका. दोन्हींचा परिणाम एकच होतो. काम दार लावून आतल्या आत उरकलं जातं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर यात नवीन काहीच नाही. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७० सालचा आहे. त्यातल्या सामाईक गोष्टींच्या व्याख्येत जिना आणि गच्चीच्या जोडीला पाया, खांब, तुळया आणि मुख्य भिंती स्पष्टपणे येतात. इमारतीच्या मजबुतीला बाधा येईल असं काम बाकीच्या सर्व मालकांच्या संमतीशिवाय करता येत नाही, असंही हाच कायदा म्हणतो. बहुमत नाही, सर्वांची संमती. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांना हा कायदा लागू नाही, पण त्यांच्या उपविधींतही फेरफारांसाठी कमिटीची लेखी परवानगी लागते. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३४२ प्रमाणे इमारतीत फेरफार करण्याआधी आयुक्तांना नोटीस द्यावी लागते. घर घेताना आपण ज्या करारनाम्यावर सह्या करतो त्यातही एक कलम ठरलेलं असतं: कॉलम, बीम, भिंती, स्लॅब, पडद्या (नुसत्या आडोशाच्या पातळ भिंती) छिन्नीने फोडायच्या नाहीत, इजा करायची नाही, आधी लेखी परवानगी घ्यायची. रजिस्ट्रेशनच्या दिवशी हे कलम कुणी वाचत नाही. नंतर ती फाइल बँकेत कर्जापोटी जाऊन पडते.

म्हणजे नियम आहेत. मात्र ते जागे होतात ते ढिगारा उपसताना.

१८ जुलै २००७ रोजी बोरिवलीत लक्ष्मीछाया ही सात मजली इमारत कोसळली, जवळजवळ तीस माणसं गेली. तळमजल्यावरच्या दुकानात चाललेल्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडला महापालिकेच्या मालकीची, महापालिकेचेच कर्मचारी राहत असलेली इमारत पहाटे कोसळली आणि ६१ जण मृत्युमुखी पडले. तिथेही तळमजल्यावरच्या गोदामातल्या फेरफारांकडे बोट दाखवलं गेलं. २५ जुलै २०१७, घाटकोपर, सिद्धी-साई इमारत, १७ मृत्यू. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण सुरू होतं आणि इमारत पेलणाऱ्या भागांची तोडफोड झाल्याचा आरोप होता. घाटकोपरला आणि बोरिवलीला काम तळमजल्यावर चाललं होतं, आणि ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत वरच्या मजल्यांवरची कुटुंबं होती. त्यांनी आपल्या घरात एक खिळाही ठोकला नसेल.

उलट दिशेनेही हेच होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्रामच्या एका उंच टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावरच्या घरात काम सुरू असताना हॉलचा स्लॅब गेला आणि खालच्या हॉलांचे स्लॅब घेत पहिल्या मजल्यापर्यंत आला. दोन महिला दगावल्या. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं. स्लॅब खचला, खालचे सगळे मजले भेदत गेला, सहा जणांचा जीव गेला. त्या दोन ठिकाणी प्रश्न भिंतीचा नव्हता, फरशीच्या कामाचा आणि आधीच कमकुवत झालेल्या स्लॅबचा होता. पण एका घरातलं काम त्या घरापुरतं राहत नाही हे त्यांनीही दाखवलं.

आता भिंतीकडे जरा जवळून पाहू. पुण्या-नाशकात आणि जिल्ह्याच्या गावांत साठ ते ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या दोन-तीन मजली इमारती पुष्कळ आहेत, ज्यांत आरसीसीचे कॉलम नाहीतच. नऊ इंची विटांच्या भिंती आणि त्यांवर टेकलेले स्लॅब. समजा तळमजल्यावर हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये १० फुटांची अशी भिंत आहे, दोन्ही बाजूंना १० फुटी खोल्या आहेत आणि वर दोन मजले आहेत. प्रत्येक स्लॅबचा या भिंतीवर येणारा वाटा, त्यावरची फरशी, माणसं आणि सामान धरून, सहा टनांच्या आसपास जातो. असे तीन स्लॅब. वरच्या दोन मजल्यांवर नेमक्या याच रेषेत उभ्या असलेल्या भिंतींचं वजन आणखी आठेक टन. बेरीज पंचवीस टनांच्या पुढे जाते. भरलेला दहाचाकी ट्रक रस्त्यावरून जाताना पाहिला असेल, तेवढं ओझं ती भिंत रात्रंदिवस डोक्यावर घेऊन उभी असते. ब्रेकरवाल्याला ती दोन दिवसांचं काम वाटते.

भिंत गेल्यावर स्लॅबचं काय होतं, हे कळणं त्याहून महत्त्वाचं आहे. दहा-दहा फुटांवर टेकलेला स्लॅब अचानक २० फुटांवर ताणला जातो. अंतर दुप्पट झालं म्हणून त्याला वाकवणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. शिवाय मधल्या भिंतीवरून जाणाऱ्या स्लॅबमध्ये त्या ठिकाणी ताण वरच्या अंगाला असतो, म्हणून बांधतानाच मुख्य सळ्या तिथे वर ठेवलेल्या असतात. भिंत काढली की ताण खालच्या अंगाला येतो, आणि खाली पुरेशी सळई नसते. जिथे लोखंड हवं तिथे ते नाही आणि जिथे आहे तिथे त्याचा उपयोग नाही.

मग घर त्याच दिवशी का पडत नाही? या एका गोष्टीने सगळ्यांचा घात केला आहे. डिझाइनमध्ये थोडी राखीव ताकद ठेवलेली असते. वरची वीटभिंत स्वतःच काही काळ कमानीसारखी काम करते आणि भार दोन बाजूंना ढकलते. शेजारची चार इंची पडदी, दाराची चौकट, कपाटाचा ओटा असे जे पेलण्यासाठी बांधलेलेच नव्हते ते आधाराला उभे राहतात. आठवडा जातो, महिना जातो, गृहप्रवेश होतो आणि मिस्त्री म्हणतो, बघा, काय झालं? पण काँक्रीट सततच्या भाराखाली हळूहळू लवत राहतं. एका पावसाळ्यात गळती होते, सळईला गंज चढतो. वरच्या मजल्यावर कुणी जुन्या फरशीवरच नवी फरशी टाकतं. राखीव ताकद अशी थोडी थोडी संपते, आणि शेवटी जे निमित्त होतं त्याच्यावर सगळा दोष जातो.

या इमारती बोलतात, ऐकणारा हवा. वरच्या मजल्यावरचं बाथरूमचं दार अचानक चौकटीत अडकायला लागतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि पुट्टी भरली तरी महिन्याभरात पुन्हा उघडते. फरशीच्या सांध्यात पाणी एका बाजूला साचायला लागतं. अशा वेळी सुताराला बोलावून दार रंधून घेतलं जातं. खालच्या घरात गेल्या वर्षी काय काम झालं, हे कुणी विचारत नाही.

भिंत बेअरिंग आहे की पडदी, हे ठरवण्याची आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे मिस्त्री हातोडीने ठोकून आवाज ऐकतो आणि जाडी मोजतो. अनुभवी गवंड्याच्या हातात विद्या असते, ती मी कमी लेखत नाही. पण आवाजावरून वीट कळते, भार कळत नाही. नऊ इंची भिंत भार घेत नसेल आणि साडेचार इंची भिंतीवर कुणीतरी नंतर माळ्याचा स्लॅब टेकवला असेल. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तर पेलणारे लाकडी खांब भिंतीच्या पोटातच असतात, प्लास्टरखाली दिसतही नाहीत. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का, स्लॅबच्या सळ्या कोणत्या दिशेने टाकल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही. त्यासाठी वरच्याचं दार वाजवावं लागतं आणि मूळ ड्रॉइंग लागतात.

नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना वाटतं की हा जुन्या बांधकामांचा प्रश्न आहे, आमच्याकडे कॉलम आहेत. आज मुंबई, ठाणे, पुणे परिसरातले किती तरी टॉवर मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतून बांधलेले आहेत. तिथे सहा-सात इंचांची दिसणारी आतली भिंत विटांची नसते, सळई घातलेलं काँक्रीट असतं, आणि तीच इमारतीचा कणा असते. वेगळे कॉलम शोधायला गेलात तर सापडणार नाहीत, कारण भिंतीच कॉलमचं काम करतात. अशा घरात दोन बेडरूम एक करण्याचं स्वप्न कुणी विकत असेल, तर त्याने आधी स्ट्रक्चरल कन्सल्टंटची सही दाखवावी. बिल्डरवर रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षं रचनेतल्या दोषांची जबाबदारी टाकली आहे. घरमालकांनी भिंती तोडल्यावर तीच जबाबदारी झटकायला बिल्डरला आयतं कारण मिळतं. त्याचा तोटा न तोडणाऱ्यांनाही होतो.

आणि साध्या कॉलम-बीमच्या इमारतीत? तिथे चार इंची पडदी काढली तर स्लॅब खाली येत नाही, हे खरं आहे आणि उगाच भीती घालू नये. मात्र एखाद्या मजल्यावरच्या बहुतेक भिंती काढून टाकल्या, तर भूकंपात आडव्या धक्क्याला तो मजला इतरांपेक्षा लुळा पडतो. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक मजली इमारती बसल्या. तळमजला पार्किंगसाठी मोकळा आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशी त्यांतल्या बऱ्याच इमारतींची रचना होती. तळमजल्यावरच्या दुकानदारांनी मधल्या भिंती काढून मोठी शोरूम करण्याआधी हे एकदा वाचावं.

आता दुसरी बाजू, जी मला तितकीच महत्त्वाची वाटते. भिंत काढावीशी वाटणं ही हौस आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या जुन्या फ्लॅटांचे नकाशे एका विशिष्ट कुटुंबासाठी काढलेले होते. त्या कुटुंबात स्वयंपाक करणारी बाई मागच्या बाजूला, सहा बाय आठच्या खोलीत, दिवसाचे चार-पाच तास भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पुढच्या खोलीत पाहुणे, गप्पा, टीव्ही. तिच्या वाट्याला एक जाळीची खिडकी आणि डक्टमधला वास. ती भिंत काढली की घरातला उजेडही वाटला जातो आणि कामही थोडंफार वाटलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घरात व्हीलचेअर आली की अडीच फुटी दारं आणि अरुंद पॅसेज शत्रू होतात. ४०० चौरस फुटांत चौघांनी राहायचं तर एकेक फूट मोलाचा असतो. या गरजांना 'परवानगी नाही' एवढंच उत्तर देणारी कमिटी आपलं काम करत नाही.

कारण बेअरिंग भिंत काढता येते. जगभर काढली जाते, आपल्याकडेही काढली जाते. फक्त तिचं काम दुसऱ्या कुणाला तरी आधी सोपवावं लागतं. इंजिनीअर भार मोजतो, लोखंडी गर्डर किंवा आरसीसी बीम ठरवतो. भिंत जो भार १० फुटांवर पसरून घेत होती तो आता दोन टोकांवर एकवटणार, म्हणून त्या टोकांखाली काँक्रीटचे बेड ब्लॉक, म्हणजे टेकायचे ठोकळे, किंवा नवे खांब लागतात, आणि ते थेट पायापर्यंत तपासावे लागतात. भिंत पाडायच्या आधी वरचा स्लॅब दोन्ही बाजूंनी टेकूंवर घ्यावा लागतो. गर्डर बसला की त्याच्या आणि स्लॅबच्या मधली फट आकसणार नाही अशा ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या पातळ सिमेंटी मिश्रणाने, घट्ट भरावी लागते. ती रिकामी राहिली तर टेकू काढताच स्लॅब तेवढा खाली बसतो आणि भेगा तिथून सुरू होतात.

यातली टेकूंची गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. भिंत दुसऱ्या मजल्यावर काढायची असेल तर टेकू दुसऱ्या मजल्यावर लावून भागत नाही. टेकू ज्या स्लॅबवर उभे राहतात तो खालच्या माणसाचं छत असतो, आणि वरचा सगळा भार अशा ठिपक्याठिपक्यांनी घेण्यासाठी तो बांधलेला नसतो. त्याखालीही टेकू लावावे लागतात, बऱ्याचदा जमिनीपर्यंत. म्हणजे काम नीट करायचं ठरवलं, तर खालच्या काकूंच्या हॉलमध्ये त्यांचा सोफा सरकवून तुमचे जॅक उभे करावे लागतात, आणि काम संपून ग्राउट पक्कं होईपर्यंत ते तिथेच राहतात. त्यांना विचारल्याशिवाय हे होऊच शकत नाही. ज्या कामात खालच्यांना विचारावं लागलं नाही, ते काम बहुधा नीट झालेलंच नाही.

म्हणून मला हव्या असलेल्या सुधारणा फार मोठ्या नाहीत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची, ड्रॉइंग. प्रत्येक इमारतीची स्ट्रक्चरल ड्रॉइंग सोसायटीच्या दप्तरात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर असली पाहिजेत, सभासदाला मागता क्षणी मिळाली पाहिजेत. आज मूळ कन्सल्टंट हयात नसतो, बिल्डरने कंपनी बंद केलेली असते, पालिकेत फाइल सापडत नाही. मग हातोडीचा आवाजच उरतो. जिथे ड्रॉइंग मिळतच नाहीत तिथे सोसायटीने एकदा खर्च करून इमारतीचा नकाशा काढून घ्यावा आणि पेलणाऱ्या भिंती त्यावर लाल रंगाने दाखवून जिन्याखालच्या फलकावर लावावा. हा खर्च लॉबीला ग्रॅनाइट बसवण्याच्या कितीतरी आधी यायला हवा.

दुसरी, इंजिनीअर नेमायचा अधिकार. आज घरमालकाचा इंटिरियरवाला आपल्या ओळखीतला इंजिनीअर आणतो आणि दाखला येतो. तो दाखला देणारा सोसायटीने नेमावा, पैसे घरमालकाने भरावेत. मॉड्युलर किचनला लोक जेवढे पैसे घालतात त्यापुढे ही फी किरकोळ आहे. ओपनिंग, टेकू, गर्डर, ग्राउट अशा प्रत्येक टप्प्यावर त्याने येऊन सही करावी. एका कागदावर शेवटी मारलेला शिक्का मला पुरेसा वाटत नाही.

तिसरी, ऑडिट. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. जिथे होतं तिथेही ते पुष्कळदा पार्किंग, जिना, गच्ची आणि बाहेरच्या भेगा यांवर आटोपतं, कारण घरांची दारं उघडत नाहीत. ज्या ऑडिटमध्ये प्रत्येक घरातल्या भिंती मूळ नकाशाशी ताडून पाहिलेल्या नाहीत, त्याला ऑडिट म्हणूच नये. कमिटीला तो अधिकार स्पष्ट शब्दांत मिळाला पाहिजे, आणि दार न उघडणाऱ्याबद्दल पालिकेला कळवणं तिच्यावर बंधनकारक असलं पाहिजे.

राहिल्या त्या भिंती, ज्या कधीच्या गेल्या आहेत. त्यांचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण मला तो सगळ्यांत निकडीचा वाटतो. अनेक घरांत हे काम आधीच्या मालकाने करून घर विकलेलं आहे. नव्या मालकाला आपल्या हॉलमध्ये पूर्वी भिंत होती हेच ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते दंडाच्या आणि शेजाऱ्यांच्या भीतीने गप्प आहेत. राज्य सरकारने एक ठरावीक मुदत द्यावी: या काळात जो स्वतःहून सांगेल त्याच्यावर दंड नाही, गुन्हा नाही, पालिकेच्या यादीतला इंजिनीअर येऊन पाहील, तात्पुरते टेकू त्याच आठवड्यात लागतील आणि गर्डर बसवायला वेळ मिळेल. ज्यांची ऐपत नाही त्यांना सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून उसने पैसे मिळावेत, कारण तो गर्डर त्यांच्याइतकाच वरच्या-खालच्यांचाही आहे. मुदत संपल्यावर लपवलेली भिंत सापडली तर मात्र, इमारत उभी असतानाच, मालकावर आणि काम करणाऱ्या ठेकेदारावर फौजदारी कारवाई व्हावी, आणि घराच्या विक्रीच्या कागदांत भिंतींच्या दाखल्याशिवाय सोसायटीने ना हरकत पत्र देऊ नये.